सही कुणाची, नोंद कुणाकडे: सीए, कर सल्लागार नि संस्थेचा ऑडिटर कसा तपासायचा, तक्रार कुठं करायची

कोल्हापुरात लक्ष्मीपुरी, उद्यमनगर, शाहूपुरी, कुठल्याही गल्लीत 'अकाउंट्स, टॅक्स, ऑडिट' असा बोर्ड सापडतो. बोर्डामागं बसलेला माणूस चार्टर्ड अकाउंटंट असेल, कॉस्ट अकाउंटंट असेल, जीएसटी प्रॅक्टिशनर असेल, सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा झालेला प्रमाणित लेखापरीक्षक असेल किंवा यातलं काहीच नसेल. काम बिनबोभाट चाललं आहे तोवर फरक जाणवत नाही. बँक प्रमाणपत्र परत पाठवते किंवा भरायला दिलेले कराचे पैसे चलनात दिसत नाहीत, तेव्हा पहिला प्रश्न येतो की या माणसाला जाब कोण विचारणार. ज्याच्या नोंदवहीत त्याचं नाव, तोच विचारू शकतो. म्हणून कागदं हातात देण्याआधी नोंद बघायची.

कोण कुणाच्या नोंदीवर

सीएंची संस्था म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, बोलीत 'आयसीएआय'. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, १९४९ नं ती उभी केली आणि १ जुलै १९४९ पासून ती काम करते. मुख्यालय दिल्लीत, पश्चिम विभागीय परिषद मुंबईत आणि त्या परिषदेची शाखा कोल्हापुरात. कॉस्ट अकाउंटंट म्हणजे सीएमए. त्यांचा कायदा १९५९ चा, मुख्यालय कोलकात्यात. सीएमएचं खास काम म्हणजे कंपन्यांचं कॉस्ट ऑडिट, उत्पादनखर्चाच्या हिशेबाची तपासणी. साखर हा त्यातला नियंत्रित उद्योग असल्यामुळं खासगी साखर कंपन्यांना त्यांची गरज पडते. इन्कम टॅक्सचं टॅक्स ऑडिट मात्र सीएमएच्या सहीनं होत नाही, ते सीएचंच. परदेशी एसीसीए किंवा सीपीए पदवीवर भारतात ऑडिट रिपोर्टवर सही करता येत नाही, मग व्हिजिटिंग कार्ड कितीही गुळगुळीत असो.

जीएसटी प्रॅक्टिशनरची नोंदणी जीएसटी खात्याकडं असते. पीसीटी-०१ मध्ये अर्ज, पीसीटी-०२ मध्ये प्रमाणपत्र. पोर्टलवर 'लोकेट जीएसटी प्रॅक्टिशनर' या शोधात नाव सापडतं. त्यानं गैरवर्तन केलं तर खात्याचा अधिकारी पीसीटी-०३ मध्ये नोटीस काढून नोंदणी रद्द करू शकतो. पण रिटर्नमधल्या आकड्यांची जबाबदारी कायद्यानं नोंदणीधारक व्यापाऱ्याचीच राहते. 'सल्लागारानं चुकीचं भरलं' हे उत्तर जीएसटी ऑफिसात चालत नाही.

आणि नुसता 'टॅक्स कन्सल्टंट' असा बोर्ड लावायला कुठलीच नोंद लागत नाही. असा माणूस हुशार, प्रामाणिक असू शकतो. कोल्हापुरात असे बरेच आहेत आणि छोट्या दुकानदाराचं महिन्याचं काम तेच ओढतात. फक्त त्याच्याविरुद्ध शिस्तभंगाची तक्रार ऐकणारं कुणी नाही. राहतं ते पोलीस ठाणं, दिवाणी कोर्ट नाहीतर ग्राहक आयोग.

सीए आहे का, आणि सही करायला मोकळा आहे का

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आयसीएआयच्या संकेतस्थळावर सभासद शोधायची सोय आहे. नाव किंवा सहा आकडी सभासद क्रमांक टाका. त्यात तीन गोष्टी बघा: नाव जुळतं का, दर्जा एसीए (असोसिएट, म्हणजे साधा सभासद) की एफसीए, आणि सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस, म्हणजे सीओपी, चालू आहे का. पाच वर्षं सलग प्रॅक्टिस झाली की फेलो, म्हणजे एफसीए होता येतं. त्यानं सहीच्या अधिकारात फरक पडत नाही. फरक पडतो तो सीओपीनं. एखादा सीए कारखान्यात किंवा बँकेत पगारी नोकरी करत असेल तर तो सीए आहेच, पण पूर्णवेळ सीओपी नसेल तर ऑडिट रिपोर्ट किंवा प्रमाणपत्र त्याला देता येत नाही. ओळखीतल्या नोकरदार सीएकडून 'एक सही' घ्यायला जाणारे इथंच अडकतात.

फर्म असेल तर फर्म नोंदणी क्रमांक मागा. पश्चिम विभागातल्या फर्मच्या क्रमांकाच्या शेवटी 'डब्ल्यू' असतो. लेटरहेडवर डब्ल्यू नाही म्हणून फर्म खोटी ठरत नाही, फर्मची नोंद दुसऱ्या विभागातलीही असू शकते. पण मग कोल्हापुरात बसून सही नेमकं कोण करतंय, हे विचारायला हवं.

यूडीआयएन: पाच मिनिटांचं काम, आणि तेच सगळ्यात कमी होतं

सीएनं सही केलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर १ फेब्रुवारी २०१९ पासून, टॅक्स ऑडिट रिपोर्टवर १ एप्रिल २०१९ पासून आणि बाकी सगळ्या ऑडिट रिपोर्टवर १ जुलै २०१९ पासून यूडीआयएन, म्हणजे त्या एका कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, सक्तीचा आहे. तो १८ अक्षर-अंकांचा असतो. पहिले २ आकडे सालाचे, पुढचे ६ सीएच्या सभासद क्रमांकाचे, उरलेली १० अक्षरं नि आकडे यंत्रानं काढलेले. म्हणजे पोर्टल न उघडताही पहिली चाळणी लागते: यूडीआयएनमधले तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे आकडे आणि सहीखालचा सभासद क्रमांक एकच हवेत. जुन्या सीएचा क्रमांक पाच आकडी असेल तर पुढं शून्य लागलेलं दिसेल.

नंतर यूडीआयएन पोर्टलवर जा. पडताळणीला लॉगिन लागत नाही. तुमचं किंवा संस्थेचं नाव, मोबाईल, ईमेल भरा, ओटीपी येईल, तो टाकून यूडीआयएन भरा. समोर सीएचं नाव, कागदाचा प्रकार, सहीची तारीख आणि कागदातले काही मुख्य आकडे येतात. इथं घाई करू नका. क्रमांक खरा असणं पुरेसं नाही, आकडे जुळले पाहिजेत. उलाढाल कागदावर १ कोटी ८० लाख आणि पोर्टलवर ८० लाख दिसली, तर एका कागदाचा यूडीआयएन उचलून दुसऱ्या कागदावर चिकटवलेला असू शकतो. कर्जप्रकरणात बँकेचा अधिकारी नेमकं हेच बघतो, आणि कर्जदाराला ते मंजुरी अडकल्यावर कळतं.

सही झाल्यावर ६० दिवसांच्या आत यूडीआयएन काढता येतो. त्यामुळं सहीच्या दिवशी तो कागदावर नसला तरी लगेच शंका घ्यायचं कारण नाही, पण तो मिळाल्याशिवाय कागद बँकेत देऊ नका. सीए सबळ कारण देऊन यूडीआयएन रद्दही करू शकतो. म्हणून जुनं प्रमाणपत्र पुन्हा वापरणार असाल तर परत एकदा तपासा.

काम देताना

चार गोष्टी सुरुवातीलाच मार्गी लावल्या तर पुढची निम्मी भांडणं होत नाहीत.

पहिली, कामाचं पत्र. कुठली रिटर्न, कुठलं ऑडिट, कोणत्या वर्षाचं, फी किती, नोटीस आली तर उत्तर फीमध्ये धरलंय की वेगळं. साध्या ईमेलवर 'मान्य' एवढं असलं तरी चालतं. तक्रारीच्या वेळी पहिला पुरावा हाच लागतो.

दुसरी, लॉगिन. जीएसटी आणि इन्कम टॅक्स पोर्टलवर मुख्य मोबाईल आणि ईमेल मालकाचाच हवा. सोयीसाठी सल्लागाराचा नंबर टाकून नोंदणी करायची पद्धत आपल्याकडं इतकी रुळलेली आहे की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. नोटिसा त्याच्या ईमेलवर जातात, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि संबंध बिघडले की व्यापारी स्वतःच्याच धंद्याच्या दाराबाहेर. जीएसटीत असं झालं असेल तर पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये आपला जीएसटीआयएन टाकून अधिकारक्षेत्र बघा, राज्य की केंद्र. त्या अधिकाऱ्याकडं मालकाची ओळखपत्रं आणि व्यवसायाचे पुरावे घेऊन अर्ज करा. तो नवा मोबाईल-ईमेल चढवून तात्पुरता पासवर्ड पाठवतो. इन्कम टॅक्समध्ये सीएला पासवर्ड द्यायची मुळात गरजच नसते. 'माय सीए'मध्ये त्याला जोडायचं, तो त्याच्या लॉगिनमधून टॅक्स ऑडिट रिपोर्ट चढवतो आणि तुम्ही तुमच्या लॉगिनमधून तो वाचून स्वीकारता. शेवटच्या रात्री न वाचता 'ॲक्सेप्ट' दाबणारे पुष्कळ, आणि मग आकडे बघून दचकणारेही तेच.

तिसरी, पैसे. कर चलनानं स्वतःच्या बँक खात्यातून भरायचा. फी वेगळी द्यायची. फी नि कर एकाच रकमेत सीएच्या खात्यात पाठवणं टाळा. अशिलाचा पैसा फीशिवाय इतर कारणासाठी घेतला तर तो वेगळ्या बँक खात्यात ठेवणं आणि त्याच कामाला वापरणं सीएवर बंधनकारक आहे. न केल्यास ते सीए कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातलं, म्हणजे गंभीर, गैरवर्तन. पण नियम आहे म्हणून पैसा परत येतो असं नाही.

चौथी, कागदं. मूळ कागद शक्यतो द्यायचेच नाहीत, दिले तर यादी करून पोच घ्यायची. वह्या आणि व्हाउचरांच्या पिशवीवर 'मार्च अखेर' एवढंच लिहून ती टेबलावर ठेवून येणं म्हणजे पुराव्यावर पाणी सोडणं.

फीबद्दल एक बारकावा. रिफंडच्या किंवा मंजूर कर्जाच्या टक्क्यांवर फी मागणं सीएला मनाई आहे. अपवाद नियमात दिलेले आहेत, आणि त्यातला एक कोल्हापूरकरांच्या कामाचा आहे: सहकारी संस्थेच्या ऑडिटची फी भांडवलाच्या, खेळत्या भांडवलाच्या किंवा नफ्याच्या टक्केवारीत असू शकते. पतसंस्थेच्या ऑडिटरनं टक्क्यात बिल दिलं म्हणून तक्रार करायला धावू नका.

टॅक्स ऑडिटच्या संख्येलाही मर्यादा आहे, एका सीएला वर्षाला ६०. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात 'आता जमणार नाही' असं उत्तर आलं तर ते टाळाटाळ असेलच असं नाही.

सीए बदलायचा असेल

नव्या सीएनं ऑडिट घेण्याआधी जुन्या ऑडिटरला लेखी कळवणं सक्तीचं आहे. पोच मिळेल अशा टपालानं किंवा हातपोच घेऊन. व्हॉट्सॲपवर 'सर, घेतो' एवढ्यानं भागत नाही, आणि चूक झाली तर फटका नव्या सीएला बसतो. लोक याला एनओसी म्हणतात, पण जुन्यानं परवानगी द्यायची असते असा त्याचा अर्थ नाही. पत्र पोचलं, वाजवी वेळ दिला, उत्तर आलं नाही, तरी पुढं जाता येतं. खरी अडचण थकीत फीची. आधीच्या ऑडिटरची निर्विवाद ऑडिट फी बाकी असेल तर नव्या सीएला ते ऑडिट स्वीकारता येत नाही. म्हणून वाद नसलेली रक्कम देऊन टाका, वादातली का वादातली आहे ते लिहून कळवा.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला हे इतकं सोपं नाही. ऑडिटर पाच वर्षांसाठी नेमलेला असतो, नेमणुकीचा फॉर्म एडीटी-१ सभेनंतर १५ दिवसांत भरायचा असतो. मुदतीआधी काढायचा तर विशेष ठराव आणि त्याआधी केंद्र सरकारची मंजुरी लागते. त्यानं आपणहून राजीनामा दिला तर ३० दिवसांत राजीनाम्याचा फॉर्म एडीटी-३ त्यानं भरायचा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कंपन्यांमध्ये बहुतेक वेळा हाच दुसरा रस्ता समजुतीनं धरला जातो.

तक्रार कशात बसते

चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याला दोन परिशिष्टं आहेत. पहिल्यात व्यावसायिक शिस्तीच्या गोष्टी: सही भाड्यानं देणं, बिगर-सीएशी फी वाटून घेणं, ग्राहक ओढण्यासाठी जाहिरात करणं, जुन्या ऑडिटरला न कळवणं. दुसऱ्यात गंभीर: वह्या न तपासता प्रमाणित करणं, माहीत असलेली महत्त्वाची बाब लपवणं, कामात घोर निष्काळजीपणा, अशिलाची माहिती परवानगीशिवाय बाहेर देणं, अशिलाचा पैसा वेगळा न ठेवणं.

सही भाड्यानं देण्याचा प्रकार आपल्याकडं सर्रास दिसतो. कर सल्लागार सगळं काम करतो, ऑडिटवर सही एका सीएची, ज्याला अशिलानं कधी पाहिलेलं नसतं. कागद कायदेशीर दिसतो. पण बँकेनं किंवा खात्यानं प्रश्न विचारला की सीए म्हणतो 'मी यांना ओळखत नाही' आणि सल्लागार म्हणतो 'सही माझी नाही'. टॅक्स ऑडिट ज्याच्या सहीनं व्हायचं त्या सीएशी एकदा तरी समोरासमोर किंवा फोनवर बोलून घ्या.

फी जास्त लावली, कर जास्त आला, फोन उचलत नाही, यावर शिस्तभंगाची केस उभी राहत नाही. आणि आयसीएआय तुमचे पैसे वसूल करून देत नाही. नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग किंवा दिवाणी कोर्ट. अफरातफर असेल तर पोलीस. हे रस्ते शिस्तभंगाच्या तक्रारीसोबतही चालवता येतात.

फॉर्म आय भरताना

कोल्हापूर शाखेत जाऊन अध्यक्षांना अर्ज देऊ नका. शाखेला शिस्तभंगाचे अधिकार नाहीत, सेमिनार आणि विद्यार्थ्यांचे वर्ग हे तिचं काम. तक्रार डायरेक्टर (डिसिप्लिन) यांच्या नावे, फॉर्म आयमध्ये, तीन प्रतींत करायची. फी २,५०० रुपये. फॉर्मवर सही आणि खाली सत्यापन, ठिकाण-तारखेसह. कंपनी किंवा भागीदारी फर्म तक्रारदार असेल तर अधिकार देणारा ठराव किंवा पत्र सोबत हवं. हेच राहून जातं आणि तक्रार त्रुटीत परत येते.

आरोप लिहिताना एका मुद्द्याला एक परिच्छेद, आणि प्रत्येक मुद्द्यासमोर जोडपत्राचा क्रमांक. 'माझी फसवणूक केली' असं लिहून भागत नाही. 'अमुक तारखेला अमुक रक्कम जीएसटी भरण्यासाठी त्यांच्या खात्यात पाठवली, जोडपत्र ३, बँक उतारा. त्या महिन्याच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये ती जमा नाही, जोडपत्र ४' असं लिहिलं की वाचणाऱ्याला पुढं काही विचारावं लागत नाही. शक्य असेल तर परिशिष्टातलं कलम नमूद करा. साधं पत्र पाठवलं तर ते 'माहिती' म्हणून घेतलं जाऊ शकतं, पण मग तुम्हाला तक्रारदाराचे हक्क मिळत नाहीत. निनावी पत्राची दखल घेतली जात नाही.

मुदतीचं लक्षात ठेवा. घटनेला सात वर्षं उलटून गेली असतील तर चौकशी नाकारली जाऊ शकते. तक्रार नोंदल्यावर ६० दिवसांत तिचा तपशील सीएला जातो, त्याला उत्तराला २१ दिवस मिळतात, ते आणखी ३० दिवसांपर्यंत वाढू शकतात. त्याच्या उत्तरावर तुमचं प्रत्युत्तर २१ दिवसांत. इथंच बरेच तक्रारदार ढिले पडतात. सीएनं दहा पानी उत्तर दिलेलं असतं आणि समोरून काहीच जात नाही.

त्यानंतर डायरेक्टर प्रथमदर्शनी मत बनवतात. पहिल्या परिशिष्टाचं प्रकरण बोर्ड ऑफ डिसिप्लिनकडं, दुसऱ्याचं किंवा दोन्हीचं डिसिप्लिनरी कमिटीकडं. २००६ च्या सुधारणेनं ठरवलेल्या शिक्षा अशा: बोर्ड समज देऊ शकतं, तीन महिन्यांपर्यंत नाव काढू शकतं, एक लाखापर्यंत दंड करू शकतं. कमिटी नाव कायमचं काढू शकते आणि पाच लाखांपर्यंत दंड करू शकते. २०२२ च्या सुधारणा कायद्यानं या मर्यादा वाढवल्या आहेत, त्याची कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होतात. तक्रार करताना चालू तरतूद बघून घ्या. दंड संस्थेकडं जातो, तक्रारदाराकडं नाही. निकालाविरुद्ध सीए ९० दिवसांत अपील प्राधिकरणाकडं जाऊ शकतो, तक्रारदाराला तशी थेट वाट नाही.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आणि खूप मोठ्या सार्वजनिक कंपन्यांचे ऑडिटर १ ऑक्टोबर २०१८ ला स्थापन झालेल्या एनएफआरएच्या (नॅशनल फायनान्शियल रिपोर्टिंग अथॉरिटी) कक्षेत येतात. तिथं एखाद्या ऑडिटरला सहा महिने ते दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. पेठेतल्या दुकानदाराला याचा संबंध नाही. जिल्ह्यातल्या नोंदलेल्या कंपनीचे शेअर असणाऱ्याला आहे.

पतसंस्था, दूध संस्था, विकास सेवा संस्था

कोल्हापुरात ऑडिटचा विषय सहकाराशिवाय पुरा होत नाही, आणि इथं नोंदवही वेगळी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ खाली लेखापरीक्षकांचं पॅनेल असतं. त्यात सीए असतात, आणि प्रमाणित लेखापरीक्षकही. जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षा सहकार खात्याची. वार्षिक सभेनं पॅनेलमधूनच नाव ठरवायचं. वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत ऑडिट, आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा.

सभासदानं काय बघायचं? सभेच्या आधी संस्थेच्या कार्यालयात जाऊन कलम ३२ खाली शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी फुकट बघता येतात. प्रती हव्या असतील तर ठरलेली फी भरून मिळतात. ताळेबंदात आधी 'येणे व्याज' आणि थकबाकीसाठीची तरतूद बघा. येणे व्याज दरवर्षी फुगतंय आणि तरतूद जागची हलत नाही, पण ऑडिटरनं दिलेला वर्ग मात्र 'अ', तर ऑडिट मेमोतले शेरे वाचायलाच हवेत. ऑडिटरनं दाखवलेल्या दोषांची दुरुस्ती संस्थेनं तीन महिन्यांत करून दोष दुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. सभेत 'गेल्या वर्षीचा दोष दुरुस्ती अहवाल दाखवा' एवढा एक प्रश्न विचारला तरी व्यासपीठावर कुजबूज सुरू होते.

ऑडिट रिपोर्टमध्ये खरं चित्र आलेलं नाही असं पुराव्यानिशी वाटत असेल तर सहकार खात्याच्या निबंधकांकडं चाचणी लेखापरीक्षणाची, म्हणजे हिशेब पुन्हा तपासण्याची, मागणी करता येते. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकांकडं किंवा जिल्हा उपनिबंधकांकडं, प्रत जिल्हा विशेष लेखापरीक्षकांना. दूध संस्था असेल तर सहायक निबंधक (दुग्ध). अर्जात खातं, पान क्रमांक, रक्कम असं नेमकं द्या. 'संचालकांनी भ्रष्टाचार केला आहे' या एका ओळीवर चाचणी लागत नाही, निवडणुकीच्या वर्षात तर नाहीच. ऑडिटर सीए असेल तर निबंधकांकडचा अर्ज आणि आयसीएआयचा फॉर्म आय, दोन्ही करता येतात. नुसता प्रमाणित लेखापरीक्षक असेल तर आयसीएआय हात लावू शकत नाही. त्याचं पॅनेलवरचं नाव ही सहकार खात्याची बाब.

समोरच्यानं पैसे परत केले, आता तक्रार मागे घेतो, असं फॉर्म आय दिल्यावर मनावर येईल तेव्हा करता येत नाही. अर्ज द्यावा लागतो आणि परवानगी मिळेलच असं नाही. तडजोडीची शक्यता असेल तर आधी लेखी नोटीस देऊन १५ दिवस वाट बघा, फॉर्म त्यानंतर पाठवा.